तिसऱ्या टप्प्यावरची ओळ

“तुम्ही ‘पाणीपाळी’ गेमवाले का?” फोनवर एका बाईचा आवाज होता आणि मागे एसटी स्टँडवरचा गलका.

“हो, मी सन्मती चौगुले. बोला.”

“वैजयंतीला तुम्ही कसं ओळखता?”

मला हसू आलं. आज हे लिहितानाही लाज वाटते, पण आलं खरं. चोरीची कॉपी खेळणारं आणखी एक गिऱ्हाईक जाळ्यात सापडलं, एवढंच मला वाटलं. आवाज जरा खर्जात लावून मी म्हणालो, “ते तिलाच विचारा.”

“थट्टा करू नका,” बाई म्हणाली. “मी जयसिंगपूरच्या स्टँडवरनं बोलायलीये. रुक्साना नदाफ माझं नाव. माझ्या शेजारी एक बाई बसलीये. पावणेएकच्या बार्शी गाडीनं नवऱ्याकडं चाललीये. दीड वर्षापूर्वी त्याच्या हातनं जीव वाचवून पळाली होती. आता परत गेली तर तो तिला सोडणार न्हाई. आणि ती चाललीये तुमच्या मेलमुळं.”

समोरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. खालच्या शेडमध्ये दादाचे माग नेहमीसारखे खडखडत होते. समोरच्या टेबलावर वहिनी चित्र काढत बसली होती. माझा चेहरा बघून तिनं हातातला पेन खाली ठेवला.

“कुठला मेल?” मी विचारलं.

“सोमवारी धाडलाय तुम्ही. तिनं लॅपटॉप आज माझ्याकडं दिला, म्हणाली विकून टाक. मी उघडला तर समोर तेच. वाचू का?” आणि तिनं वाचलं. “‘उशीर झाला, वैजयंती. मी निघालोय.’ खाली काय नाव न्हाई, काय न्हाई.”

ते वाक्य मीच लिहिलं होतं. चहा पिता पिता, एका हातानं.

आता हे जाळ्याचं प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. त्रिशला वहिनी आणि मी, आम्ही दोघं गेम करायचो. दादाचे इचलकरंजीत माग होते. त्यांच्या शेडवरच्या खोलीत दोन टेबलं टाकून आमचा कारखाना चालायचा. वहिनी चित्रं काढायची, बाकी सगळं मी करायचो. आमचा पहिला गेम बाजारात आला आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या फुकट कॉपी फोनाफोनावर फिरायला लागल्या. एका कॉलेजच्या कार्यक्रमात एक पोरगा स्टेजवर येऊन आमच्या पाया पडला. म्हणाला, तुमचा गेम चार वेळा पूर्ण केला, होस्टेलमधल्या सगळ्यांना दिला. विकत कुठून घेतलास असं वहिनीनं विचारलं, तर तो खरोखरच गोंधळला. “विकत? विकत कोण घेतं, मॅडम?”

वहिनी त्यावर हसली. मला ते हसू आलं नाही. माझ्या डोक्यात ते दोन वर्षं ठुसठुसत राहिलं.

दुसरा गेम ‘पाणीपाळी’. उसाला पाणी पाजायला एक बाई एकटी गेली आहे, फडात बिबट्या आहे, आणि बांधावर एक माणूस आहे जो कधीच नीट दिसत नाही. सगळ्या सऱ्या भिजवून तिला घरी पोचायचं, असा खेळ. तो बाजारात आणायच्या दिवशीच मी एक युक्ती केली. चोरांनी चोरण्याआधी मीच एक कॉपी खोट्या नावानं फुकट सोडून दिली. ती हुबेहूब खऱ्यासारखी होती, फक्त तिसरा टप्पा संपला की पडदा काळा व्हायचा. मशीन पहिल्यांदा सुरू करताना मालकानं जे नाव घातलेलं असतं, ते ही कॉपी उचलायची. इंटरनेटवरून गावाचा अंदाज बांधायची. तो कधी बरोबर यायचा, कधी साफ चुकायचा. मग पडद्यावर एकच ओळ यायची. अमुक, तू तमुक गावात आहेस. तिथंच थांब. मी निघालोय. आणि गेम बंद.

“जरा जास्तच होतंय का, भाऊजी?” वहिनीनं तेव्हा विचारलं होतं.

“चोरांची कसली दया?” मी म्हणालो होतो.

खऱ्या गेममध्ये ती ओळ नव्हतीच. त्यामुळे त्या ओळीबद्दल जो तक्रार करील तो चोर, हे आपोआप सिद्ध व्हायचं. गेमच्या सुरुवातीला आमचा मेल आणि फोन नंबर असायचा, त्यामुळे रोज मेल यायचे. मी प्रत्येकाला त्या बांधावरच्या माणसाच्या तोंडून उत्तर द्यायचो, खाली माझं नाव न घालता. बहुतेकांना कळायचं की पकडलं गेलं, तेही खेळीमेळीनं घ्यायचे. साताऱ्याच्या एकानं लिहिलं होतं, या, चहा टाकतो. दुसऱ्यानं लिहिलं, मी तो नव्हेच, तो गाव सोडून गेला. आमची करमणूक व्हायची. धंदा बुडत होता, पण निदान करमणूक तरी होत होती.

आणि सोमवारी हा मेल आला होता. वहिनीनं फोन चालू असतानाच तो शोधून काढला आणि मोठ्यानं वाचला.

“साहेब, तुम्हाला ह्यांनी हे करायला लावलं का? मी वैजयंती नाही. त्या नावाची बाई इथे राहत नाही. तुमच्या पाया पडते, ह्यांना सांगा की इथे कोणी नाही. जयसिंगपूरचं नाव सांगू नका.”

सोमवारी मी हे वाचलं होतं तेव्हा मला वाटलं, वा, ही तर फर्मास नाटक करतेय. आता तेच ऐकताना मी एकाच ठिकाणी अडकलो. ‘ह्यांनी.’ त्या एका शब्दावर मी सोमवारी थांबलो असतो, तरी चाललं असतं.

“रुक्साना, ऐका,” वहिनीनं फोन माझ्या हातातून घेतला. “तिला सांगा हा निव्वळ गेम आहे. आम्ही येतोय. तिला गाडीत बसू देऊ नका.”

“सांगून दमले की हो मी. ऐकत न्हाई ती. तिच्या नवऱ्याचा कॉम्प्युटरचा क्लास आहे बार्शीत, ते मशीन त्यानंच घेऊन दिलेलं. जुनं नाव त्यानंच घातलेलं त्यात. इथं तिला सगळी सुमन म्हणत्यात. मला पण दुसरं नाव आजच कळलं. ती म्हणती, मशीनमधनं त्यानं शोधलं. तो इथं आला तर मलाबी पेटवील, त्यापेक्षा मीच जाते.” रुक्साना थांबली. “गेम मीच दिला तिला, पेनड्राईव्हमधनं. करमत न्हाई म्हणायची.”

लॅपटॉप सॅकमध्ये कोंबून मी मोटरसायकल काढली. वहिनी मागे बसली. इचलकरंजी ते जयसिंगपूर काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या. एकामागे एक, ओव्हरटेक करायला जागा नाही. मी मनातल्या मनात सारखा तिला काय सांगायचं ते जुळवत होतो आणि दर वेळी ते खोटं वाटत होतं.

“तुम्ही तिच्याशी बोलू नका,” वहिनी मागून म्हणाली. “मी बोलते.”

मी मान हलवली. पण घाबरलेला माणूस काय ऐकतो?

स्टँडवर पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. दोन नंबरच्या फलाटावर सिमेंटच्या बाकावर दोघी बसलेल्या दिसल्या. एक तिशीची, ओढणी कमरेला बांधलेली, गारमेंट कंपनीचं ओळखपत्र गळ्यात. ती रुक्साना. दुसरी तिच्यापेक्षा लहान, निळी साडी, मांडीवर एक पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मला तिच्यापाशी जाऊन सगळं एका दमात सांगून मोकळं व्हायचं होतं. मी पुढं झालो आणि म्हणालो, “वैजयंतीताई.”

त्याहून वाईट शब्द मला सापडला नसता. जयसिंगपुरात त्या नावानं तिला हाक मारणारा मी पहिला माणूस. ती ओरडली नाही. उठलीही नाही. तिनं पिशवी छातीशी धरली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “येतेच आहे मी. गाडीची वाट बघतेय. तिकीटबी मीच काढते. हिला काही करू नका, हिला काही माहीत नाही.”

तिला मी नवऱ्यानं धाडलेलाच माणूस वाटलो होतो. मी तिथंच फलाटावर खाली बसलो.

वहिनीनं मला बाजूला सारलं आणि तिच्या शेजारी बसली. “हे माझे धाकटे दीर,” ती म्हणाली. “हा गेम आम्ही केलाय. आम्ही तुझ्या नवऱ्याला ओळखत नाही. ती ओळ सगळ्यांना दिसते. ज्याच्या मशीनमध्ये जे नाव, ते दिसतं.”

“हो,” ती म्हणाली. वहिनीच्या प्रत्येक वाक्याला ती “हो” म्हणत होती. समजावणाऱ्या बायकाही तिनं आधी बघितल्या असाव्यात. नणंदा, सासवा, तडजोड करायला आलेल्या. वहिनी त्यातलीच एक.

“दाखवा तिला,” रुक्साना मला म्हणाली. “बसलाय काय? दाखवा की.”

मी लॅपटॉप उघडला. माझ्या मशीनमध्ये ती चोरीची कॉपी होती. पण ओळ तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी होती आणि तिथपर्यंत खेळून जाण्याशिवाय रस्ता नव्हता. कुणाला आधी सापडू नये म्हणून मीच ती इतकी आत पुरून ठेवली होती. थेट तिथं जायची सोय फक्त घरच्या मोठ्या मशीनवर होती. मी फोनचं इंटरनेट जोडलं आणि बाकावर बसून खेळायला लागलो.

पहिला टप्पा झाला. दुसरा टप्पाही कसाबसा झाला. तिसऱ्यात बिबट्यानं मला पहिल्याच सरीत धरलं. मी परत सुरुवात केली. विहिरीपर्यंत गेलो आणि परत मेलो. बारा चाळीस झाले. बार्शीची गाडी फलाटाला लागली, कंडक्टर खाली उतरून चौकशीच्या खिडकीकडे गेला. ती उठून उभी राहिली.

“पाच मिनिटं,” मी म्हणालो. “ताई, फक्त पाच मिनिटं.” मी हा गेम दोन वर्षं बांधला होता. त्यातलं प्रत्येक पान वहिनीनं आणि मी लावलेलं होतं. आणि मला तो खेळता येत नव्हता. तिसऱ्यांदा मेलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सरळ रडायला लागलो. लोक बघत होते, बघू देत.

ती गाडीच्या दाराकडे निघाली होती. दोन पावलं टाकून ती थांबली. माझ्या पडद्याकडे बघत म्हणाली, “तुम्ही पाटाच्या कडेनं जाताय. तिथं तो असतोच.”

मी गेम परत सुरू केला.

“बांधावरनं जायचं. कंदील विझवून,” ती म्हणाली. माझी बोटं काही केल्या जागेवर येईनात. ती एक क्षण तशीच उभी राहिली. मग पिशवी रुक्सानाकडे देऊन बाकावर टेकली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

ती खेळायला लागली. असं खेळताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. कंदील विझवून, अंधारात, सऱ्या मोजत. बिबट्या कुठून येणार हे तिला आधीच माहीत असायचं. बांधावरचा माणूस ज्या कोपऱ्यातून डोकावतो, तो कोपरा ती लांबूनच टाळायची. तो कोपरा आम्ही तिथं का ठेवला होता, ते मला आठवत नव्हतं. ती तिथून कशी निसटायची ते बघताना मात्र मला दुसरंच काही कळलं. घरात कुणी कुठं उभं आहे ते न बघता ओळखायची सवय असलेल्या माणसाचं ते खेळणं होतं.

“पंधरा दिवस हेच खेळत होते,” ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “यात शेवटी घर लागतं, असं हिनं सांगितलं होतं.”

कंडक्टर परत आला. त्यानं घंटी वाजवली. शेवटची सरी भिजली, तिसरा टप्पा संपला आणि पडदा काळा झाला. तिचे हात लॅपटॉपवरून उचलले गेले आणि तसेच हवेत राहिले. मग ओळ आली. सन्मती, तू पुण्यात आहेस. तिथंच थांब. मी निघालोय.

तिनं ती दोनदा वाचली. मग माझ्याकडे बघितलं, स्टँडवरच्या जयसिंगपूरच्या पाटीकडे बघितलं.

“पुण्यात?” ती म्हणाली.

“अंदाज असतो त्याचा,” मी म्हणालो. “चुकतो. तुमच्या वेळी बरोबर आला.”

“आणि तो मेल?”

“तो मी लिहिला. सगळ्यांना तसंच लिहायचो. गंमत म्हणून.”

बार्शीची गाडी मागे सरली, वळली आणि फाटकातून बाहेर गेली. वहिनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, संपलं. वाचलो आपण. मी डोळे पुसले आणि अगदी खरं सांगतो, मला भूक लागल्याची जाणीव झाली.

“म्हणजे त्यांना काहीच माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

“काहीच नाही,” मी म्हणालो.

“मी सकाळी फोन केला त्यांना.” ती हे कुणालाच उद्देशून बोलत नव्हती. “कोपऱ्यावरच्या दुकानातनं. म्हटलं, मी येते, तुम्ही जयसिंगपूरला येऊ नका. ते गप्प झाले. मला वाटलं, रागानं गप्प आहेत. मग म्हणाले, ‘जयसिंगपूर होय.’”

रुक्सानाचा हात तोंडावर गेला.

संध्याकाळी बार्शीत गाडी पोचणार, त्यातून ही उतरणार नाही, आणि मग तो माणूस निघणार. आता त्याला गाव माहीत होतं. दोघी कामाला जायच्या तसल्या गारमेंटच्या कंपन्या गावात दोन-तीनच. दीड वर्ष तिनं जे जपलं होतं, ती खोली, ते काम, सुमन हे नाव, एवढी एक रुक्साना, ते सगळं त्या दोन शब्दांत गेलं होतं. तिला ते आमच्या आधी कळलं होतं. ती रडली नाही. तिनं पिशवी मागितली आणि आत काय काय आहे ते चाचपून बघितलं.

“आमच्याकडे चल,” वहिनी म्हणाली. “इचलकरंजीला. माझ्या घरात राहा.”

“नको.”

“मग कुठं जाशील? कुणी आहे का? मी सोडायला येते.”

तिनं माझ्याकडे बोट केलं. “ह्यांच्यासमोर नाही सांगणार.”

मी उठून रसवंतीच्या गाड्यापाशी जाऊन उभा राहिलो. दहा-बारा मिनिटं त्या तिघी डोकी जवळ आणून बोलत होत्या. रुक्सानानं गळ्यातलं काहीतरी काढून तिच्या मुठीत दाबलं. वहिनीनं एका कागदावर लिहून दिलं. मग फलाटाला एक गाडी लागली. मी गाडीकडे पाठ केली. पाटी वाचली असती तर ते गाव मला माहीत झालं असतं, आणि मला ते माहीत असायला नको होतं. तेवढं तरी मला त्या दिवशी कळलं.

मागून पावलं वाजली. ती आली होती. माझ्यापासून चांगली चार हात लांब उभी राहिली.

“ती ओळ काढून टाका,” ती म्हणाली. “आणखी कुणाला दिसायला नको.”

“आजच काढतो,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि ती गेली. तिच्या जाण्याचा आवाज मी ऐकला, गाडीच्या दाराचा आवाज ऐकला. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी खोटं बोललो हे तिला माहीत होतं. विकलेल्या गेममध्ये दुरुस्ती करता येते, घेणाऱ्याच्या मशीनपर्यंत ती आपोआप पोचते. पण त्यात ती ओळ कधी नव्हतीच. ती होती फुकटच्या कॉपीत, आणि ती कॉपी एका मशीनवरून दुसऱ्यावर, एका पेनड्राईव्हमधून दुसऱ्यात आमच्या हाताबाहेर गेली होती. ती ज्याच्याकडे आहे त्याला आम्ही ओळखत नाही, आम्हाला तो ओळखत नाही.

याला नऊ वर्षं झाली. आम्ही गेम करणं थांबवलं. मी आता दादाच्या मागांवरच बसतो. रुक्सानाला त्या रात्रीच भावाकडे जावं लागलं आणि पुढे दोन महिने ती कामावर गेली नाही. तो माणूस खरंच आला होता, हे तिनं वहिनीला सांगितलं. त्या बाईबद्दल पुढं रुक्सानालाही काही कळलं नाही, किंवा कळलं असेल तर ती सांगत नाही.

मेल अजून येतात, वर्षातून पाच-सहा. कुणीतरी कुठल्या तरी खोलीत तिसरा टप्पा पार करतं. मी तासाभरात उत्तर देतो. त्यात माझं पूर्ण नाव असतं, घराचा पत्ता असतो, फोन नंबर असतो. हा फक्त गेम आहे, तुम्हाला कुणीही शोधत नाहीये, असं मी लिहितो. पण हे मला मेल करणाऱ्यालाच सांगता येतं. जी मेल करत नाही, मशीन बंद करते आणि पिशवी भरायला लागते, तिला सांगायला माझ्याकडे काही मार्ग नाही.